चौदा मुक्काम

सोलापूर,
१४ नोव्हेंबर १९२९

चि. श्रीमंतराव यांस,
मल्लिनाथचे अनेक आशीर्वाद.

तुमचे दिवाळीचे पत्र परवा पोचले. जूनमध्ये तुमचा विणकामाचा अभ्यासक्रम संपतो, तेव्हा चि. सौ. नीलव्वाला बोटीने पाठवावे, जिनोआ बंदरावर तुम्ही मोटार घेऊन याल, आणि सहा आठवडे युरोप पाहून दोघे मिळूनच घरी परताल, असे तुम्ही लिहिता. मी ते पत्र तीन वेळा वाचले. लग्नाला अडीच वर्षे झाली. लग्नानंतर चार महिन्यांत तुम्ही जर्मनीला गेलात, आणि ती अजून तुमच्या घरी नांदायलाही गेलेली नाही. एन्फ्लुएन्झाच्या साली माझा भाऊ आणि वहिनी गेली तेव्हापासून ती माझ्याकडे आहे. तिचे पुढे काय, हा विचार करताना मी मुलीचा विचार करतो की माझ्या जबाबदारीचा, हे मला कधी नीट ठरवता आले नाही. तुमच्या पत्राने तो प्रश्नच मिटवला.

तुमच्या पत्रात 'मधुचंद्र' हा शब्द आहे. तो मी आमच्या घरचे सगळे पाहणाऱ्या काशम्मा आक्काला वाचून दाखवताना गिळला आणि 'प्रवास' म्हणालो. तरी ती म्हणालीच, "सा आटवडे मोटारीत? आन् भाकरी कोन घालनार, मोटार?"

तुमचे वडील सिद्रामप्पा यांना भेटून आलो. त्यांची संमती आहे. पुण्याचे एक डॉक्टर दांपत्य जूनमध्ये त्याच बोटीने निघणार आहे, त्यांची सोबत मिळेल.

मार्ग आखण्याचे काम तुम्ही माझ्यावर सोपवले, याचा मला किती आनंद झाला हे लिहीत नाही. बावीस वर्षे भूगोल शिकवतो आहे, पण मुंबईपलीकडे गेलेलो नाही. सोबत यादी जोडली आहे. जिनोआ, मिलान, कोमो, ल्यूसर्न, झुरिच, बोडनझेचे तळे, म्युनिक, न्युरेंबर्ग, तुमचे केम्निट्झ, ड्रेस्डेन, प्राग, व्हिएन्ना, साल्झबर्ग, व्हेनिस. चौदा मुक्काम, बेचाळीस दिवस, प्रत्येकी तीन. भागाकार नेमका बसला तेव्हा मला लहान मुलासारखे वाटले.

कळावे.
मल्लिनाथ

---

केम्निट्झ,
८ डिसेंबर १९२९

ती. काका यांस,
श्रीमंतचे शरणार्थ.

तुमची यादी वाचून मी आणि माझा वर्गमित्र कर्ट इतके हसलो की घरमालकीणबाई वर आल्या. रागावू नका. काका, प्रत्येक गावाला तीन दिवस दिलेत, पण एका गावाहून दुसऱ्या गावाला जायचे कधी? रस्त्याला तुम्ही एकही दिवस दिलेला नाही! मोटार म्हणजे काही पुष्पक विमान नव्हे. आल्प्समधला घाट चढायला इथे आख्खा दिवस जातो, आणि मोटार तापली की दुसराही.

चौदा गावे पाहून आलेली माणसे मी इथे पाहिली आहेत. त्यांना एवढेच आठवते की कुठल्या गावात सामान बांधले आणि कुठल्या गावात सोडले. थोडे पाहावे, पण मनापासून पाहावे. प्राग, व्हिएन्ना, ड्रेस्डेन, झुरिच आणि कोमो काढून टाकू. नऊ उरतात. तेवढे पुरे.

मोटार घेतली! दोन बैठकांची, जुनी, अर्धी माझी आणि अर्धी कर्टची. त्याची बहीण एल्झा मला चालवायला शिकवते. ती फार कडक मास्तरीण आहे, अगदी तुमच्यासारखी. नीलव्वाला नकाशा वाचायला शिकवा. इथे चालवणाऱ्याच्या शेजारी बसणाऱ्याने वाट सांगायची असते. ते काम तिचे.

तिला वेगळे लिहितोच आहे.

आपला,
श्रीमंत

---

सोलापूर,
३ जानेवारी १९३०

चि. श्रीमंतराव यांस,
अनेक आशीर्वाद.

रस्त्याला दिवस दिले नाहीत, ही चूक वाचून मी खरोखर लाजलो. बावीस वर्षे मी मुलांना गावे पाठ करायला लावली आणि दोन गावांच्या मध्ये काही असते हे सांगितलेच नाही. त्या दिवशी रोजनिशीत दुसरे काही लिहिले नाही. 'थोडे पाहावे, पण मनापासून पाहावे' हे तुमचे वाक्य तेवढे उतरवून घेतले. पाचही नावे काढली आहेत. एल्झाबाईंना माझे आभार कळवा. आमच्या जावयाला परदेशात कुणी इतक्या आपुलकीने शिकवते आहे, याचे समाधान वाटले.

नकाशाचे शिक्षण सुरू झाले. आमच्या सोप्यात मी दोन खुर्च्या शेजारी शेजारी मांडतो. उजव्या खुर्चीत मी, म्हणजे तुम्ही, गाडी चालवतो. डाव्या खुर्चीत नीलव्वा मांडीवर नकाशा घेऊन बसते आणि सांगते, "आता सोळा मैलांवर नदी येईल, पूल ओलांडून डावीकडे." मी चुकीच्या बाजूला वळलो तर मला थांबवते. पहिल्या दिवशी मी तिला ओळीने तीनदा चुकवले, तिने तीनदा पकडले. आक्का तांदूळ निवडता निवडता विचारते, "काय गं, कुटं पोचल्या आज खुर्च्या?" परवा नीलव्वाने सांगितले, मिलानला. तर आक्का म्हणाली, "मग येताना कोतमीर आना. घरातली सपली."

खुर्चीवरचे शिक्षण पुरे नाही म्हणून रविवारी टेंभुर्णीला जाऊन आलो. धोंडीरामच्या सर्विस मोटारीत तिला पुढे बसवले आणि हातात जिल्ह्याचा नकाशा दिला. मोहोळपर्यंत सगळे बरोबर सांगितले. पुढे एका ठिकाणी म्हणाली, "आता उजवीकडे पूल." धोंडीराम गाडी न थांबवता म्हणाला, "व्हता, बाई. पूल व्हता. आवंदा पान्यानं न्हेला. तुमच्या कागदाला कुनी कळीवलं न्हाय वाटतं?" ती इतकी हसली की मागची माणसे पुढे वाकून बघू लागली. मी तिला असे हसताना फार दिवसांत पाहिले नव्हते.

तिला स्वतःला काय पाहायचे आहे, हे मी इतके दिवस विचारलेच नव्हते. विचारले तर म्हणाली, "तळं." बोडनझेचे. आपल्या इथले सिद्धेश्वराचे तळे ती लहानपणापासून पाहते. चैत्रात ते कडेने उघडे पडते, भेगा दिसतात. तिला असे एक तळे पाहायचे आहे की ज्याचा तळ कधीच दिसत नाही. तेव्हा यादीत काहीही करा, तळ्याला हात लावू नका.

एक लक्षात आले. तुमच्या पाकिटावर शिक्का ड्रेस्डेनचा होता. मी प्रत्येक पत्राचा शिक्का रोजनिशीत टिपून ठेवतो, जुनी खोड आहे.

मल्लिनाथ

---

केम्निट्झ,
२६ जानेवारी १९३०

ती. काका यांस,
शरणार्थ.

तुमचे खुर्च्यांचे वर्णन मी इथे वाचून दाखवले. सगळ्यांना फार आवडले.

मार्गाचा पुन्हा विचार केला. न्युरेंबर्गला जुन्या भिंती आणि गर्दी, बाकी काही नाही. साल्झबर्गला कायम पाऊस. ल्यूसर्न महाग. आणि केम्निट्झला तिला आणून काय दाखवायचे? धुराडी आणि काजळी. तिचा हिरमोड होईल. ही चार काढली तर जिनोआ, मिलान, तळे, म्युनिक आणि व्हेनिस, अशी पाच उरतात. सुटसुटीत.

मोटारीशेजारी उभा असलेला माझा फोटो सोबत आहे. थंडी फार आहे. परीक्षेचा अभ्यासही फार आहे, म्हणून नीलव्वाला वेगळे लिहिले नाही. तिला फोटो द्या.

श्रीमंत

---

सोलापूर,
२० फेब्रुवारी १९३०

चि. श्रीमंतराव यांस,
अनेक आशीर्वाद.

फोटोने आमच्या घरात केवढी उलथापालथ केली ते ऐका. तुमच्या मोटारीचे सुकाणू डाव्या बाजूला आहे! तिकडे रस्त्याच्या उजवीकडून गाड्या जातात, हे मला पुस्तकातून माहीत होते, पण त्याचा अर्थ मी लावलाच नव्हता. म्हणजे शेजारी बसणारी उजवीकडे हवी. दोन महिने मी पोरीला चुकीच्या बाजूला बसवले. त्याच दिवशी खुर्च्या बदलल्या. आता डावीकडे मी, उजवीकडे ती. आक्का म्हणाली, "गाव त्योच, घर तेच, नुसती कूस बदलली की!"

नीलव्वाने फोटो हातात घेऊन पुष्कळ वेळ पाहिला. मग डोके दुखते म्हणून आत गेली. त्या दिवशी नव्या बाजूला बसली नाही. डाव्या-उजव्याचा घोळ झाला असेल असे मी समजलो. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा नियमाने बसते, पूर्वीपेक्षा जास्त लक्ष देऊन. फक्त बोलते कमी. तुमच्या शेजारच्या बैठकीवर एक छोटी टोपी दिसते, ती एल्झाबाईंची असावी. शिकवताना काढून ठेवली असेल.

या पत्राचा शिक्का न्युरेंबर्गचा आहे. आधीचा ड्रेस्डेनचा होता. मी दोन्ही शेजारी ठेवून पाहिले आणि मला उलगडा झाला. तुम्ही एकेक गाव स्वतः आधी जाऊन पाहता, रस्ता तपासता, आणि तिच्या लायक नसेल ते यादीतून काढता! याबद्दल तुम्ही एक शब्दही लिहिला नाहीत, हा तुमचा संकोच. मी हे नीलव्वाला सांगितले. ती म्हणाली, "हो काका. तसंच असेल."

मात्र केम्निट्झ का वगळता? धुराड्यांची लाज कसली? इथे ती गिरणीच्या भोंग्यावर उठते. तिला घरच्यासारखेच वाटेल. तुमची खोली, तुमची खिडकी, तुम्ही जेवता ती जागा, हेच तर तिला पाहायचे असणार. पण तुम्ही ठरवाल ते.

गेल्या महिन्यात गड्ड्याची जत्रा झाली. सिद्धेश्वराच्या योगदंडाशी कुंभारकन्येचे लग्न लागते त्या अक्षतांना यंदा मी नीलव्वाला घेऊन गेलो होतो. त्या कन्येने सिद्धेश्वरांनाच वरले होते, ते योगी, म्हणून त्यांनी आपला दंड पुढे केला, ही कथा तुम्हाला माहीतच आहे. परत येताना मी सहज म्हणालो, "काठीशी लग्न करून ती पोर समाधानी राहिली, केवढी श्रद्धा." नीलव्वा म्हणाली, "काका, काठी तरी गावातच होती."

मी हसलो. हे थट्टेने म्हटले होते असे मला तेव्हा वाटले.

मल्लिनाथ

---

केम्निट्झ,
३० मार्च १९३०

ती. काका यांस,
शरणार्थ.

उत्तराला उशीर झाला. जूनमध्ये जमेल असे दिसत नाही. परीक्षेनंतर एका कारखान्यात दोन महिने काम करावे लागेल. ऑगस्ट धरा.

दिवस कमी पडतील, तेव्हा म्युनिक सोडू. तळेही सोडू. तिथे धुके असते. काठावर बसून राहण्यापलीकडे करण्यासारखे काही नाही, आणि संध्याकाळी इतके शांत होते की माणसाला नको नको ते विचार सुचतात. जिनोआ, मिलान, व्हेनिस. तीन खूप झाली.

तुम्ही मला समजता तितका मी चांगला नाही, काका. इतक्या कौतुकाने लिहीत जाऊ नका.

श्रीमंत

---

सोलापूर,
२४ एप्रिल १९३०

चि. श्रीमंतराव यांस,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र मी चार वेळा लिहिले आणि फाडले.

ऑगस्ट तर ऑगस्ट. डॉक्टर दांपत्य जूनमध्येच जाईल, दुसरी सोबत शोधतो. नीलव्वाची ट्रंक मात्र भरून तयार आहे. बूट घालून चालण्याचा सराव झाला. आक्काने शेंगदाण्याची चटणी कुटून डब्यात दाबून भरली आहे, आणि "जावयाला म्हनावं, ही संपायच्या आत या" असे मला रोज सांगते. चटणी टिकेल.

पण तळ्याचे काय करू? तिने एकच जागा मागितली होती. तुमच्या पत्रातली ती ओळ मी तिला वाचून दाखवली नाही. यादीत ते नाव तसेच राहू दिले. तिचे लग्न झाल्यापासून मी तिच्यापासून काही लपवले नव्हते, हे पहिले.

आणखी एक. या वेळचा शिक्का लिंडाऊचा आहे. हे गाव मला माहीत नव्हते म्हणून नकाशात शोधले. ते त्याच तळ्याच्या काठावर आहे.

म्हणजे तुम्ही तळ्याकाठी बसून मला लिहिले, की तळे पाहण्यासारखे नाही.

या गोष्टीवर मी रोजनिशीत एक वाक्य लिहिले होते. दुसऱ्या दिवशी खोडले. पुराव्याशिवाय कुणाबद्दल असे लिहू नये, असे मी स्वतःला सांगितले. पण खोडताना मला बरे वाटले, आणि बरे का वाटले याची मला शंका आहे. न्यायाने खोडले असते तर बरे वाटण्याचे कारण नव्हते.

तुम्ही रस्ता पाहायलाच गेला होता ना? एवढे एक लिहा. मी त्यावर विश्वास ठेवीन.

मल्लिनाथ

---

सोलापूर,
६ जुलै १९३०

चि. श्रीमंतराव यांस,
आशीर्वाद.

दहा आठवड्यांत तुमचे पत्र नाही.

इथे काय झाले ते तुमच्या तिकडच्या वर्तमानपत्रांत आले असेल. मे महिन्यात गोळीबार झाला, मग लष्करी कायदा. डोक्यावर गांधी टोपी दिसली की पकडत. आम्ही दारे लावून बसलो. आता कायदा उठला आहे. या काळात टपाल तपासून सोडत, काही हरवलेही म्हणतात. तुमचे पत्र त्यातच कुठेतरी अडकले, असे मी घरात सांगितले आहे. आठवडाभर सांगितले, मग महिनाभर. शेजाऱ्यांची पत्रे येऊ लागली तरी तेच सांगतो. मुंबईहून आलेले पत्र सापडते आणि जर्मनीचे हरवते, असे का, हे मला कुणी विचारले नाही. नीलव्वाने तर नाहीच.

ती रोज संध्याकाळी उजव्या खुर्चीत येऊन बसते. बाहेर शिपाई फिरत होते त्या दिवसांतही आम्ही आत जिनोआहून मिलानला जात होतो. मी आता तिला चुकवत नाही. सरळ चालवतो. तिला नकाशा पाहावाही लागत नाही.

तुमच्या वडिलांकडे गेलो होतो. त्यांनाही पत्र नाही. निदान त्यांनी तसे सांगितले. सांगताना ते माझ्याकडे पाहत नव्हते.

मी आता शेवटचे लिहितो. मुक्काम जास्त होते म्हणून अडचण होती का? तर एकही नको. मिलान नको, व्हेनिस नको, मोटारही नको. तुम्ही फक्त बंदरावर या. ती उतरेल तेव्हा धक्क्यावर उभे राहा. तिथूनच दुसऱ्या बोटीत बसून दोघे परत या. पाहण्यासारखे तेवढे पुरे आहे.

उत्तर द्या. काहीही असो.

मल्लिनाथ

---

केम्निट्झ,
४ ऑगस्ट १९३०

ती. काका यांस,

तुमचे जुलैचे पत्र वाचल्यावर गप्प बसणे शक्य राहिले नाही.

हरवलेले पत्र कुठलेही नाही. मी लिहिलेच नव्हते. वडिलांना मात्र मे महिन्यात सगळे लिहिले होते. तुम्हाला त्यांनी सांगावे अशी माझी इच्छा होती. त्यांना ते जमले नाही असे दिसते.

एल्झा आणि मी एकत्र राहतो. ऑक्टोबरमध्ये आम्हाला मूल होईल. मी इथेच राहणार आहे. इथल्या कारखान्यात नोकरी धरली आहे.

गेल्या दिवाळीत मी लिहिले ते खोटे नव्हते. मला खरेच नीलव्वाला बोलवायचे होते. तुमची यादी आली, आणि मोटारीचा सराव म्हणून आम्ही पहिल्यांदा ड्रेस्डेनला गेलो. मग एकेक गाव. एल्झाबरोबर जे पाहिले ते दुसऱ्या कुणाबरोबर पुन्हा पाहणे मला जमले नसते. म्हणून नाव काढत गेलो. मी रस्ते तपासतो असे तुम्ही लिहिलेत, तेव्हा मी ते पत्र खिशात घेऊन दिवसभर हिंडलो. त्याच दिवशी लिहायला हवे होते. तुमच्या यादीतली नावे थोडी थोडी कमी केली तर तुमच्या आपोआप लक्षात येईल, असे मला वाटत राहिले. किंवा लक्षात न येता सगळे संपेल.

तिला तुम्हीच सांगा. तुम्हाला शब्द चांगले जमतात. तिने माझी वाट पाहू नये.

क्षमा मागण्याचा मला अधिकार नाही.

श्रीमंत

---

सोलापूर,
३१ ऑगस्ट १९३०

श्रीमंतराव,

वर आशीर्वाद लिहायचा की नाही, यावर मी बराच वेळ घालवला. तुमच्याविषयी मनात काही वाईट धरून शब्द तेवढा लिहावा, हे मला जमणारे नाही. म्हणून जागा मोकळी सोडली.

तुमचे पत्र मला शाळेत मिळाले. मधल्या सुट्टीत वाचले. पुढचा तास घेतला. काय शिकवले ते आठवत नाही.

घरी आलो तेव्हा आक्का चुलीपाशी होती आणि नीलव्वा उजव्या खुर्चीत बसली होती. मांडीवर नकाशा. येताना वाटभर मी वाक्ये जुळवली होती. तुम्ही म्हणता तसे मला शब्द जमतात. मी डाव्या खुर्चीत जाऊन बसलो. नेहमीप्रमाणे दोन्ही हात पुढे धरले.

तिने विचारले, "पत्र आलं ना?"

मी हो म्हणालो.

"एल्झाच ना?"

मी तिच्याकडे पाहिले. ती नकाशाकडेच पाहत होती. मी विचारले, तुला कुणी सांगितले? सिद्रामप्पांनी?

"कुणी नाही. फोटोत टोपी होती. बैठकीवर नुसती टाकलेली नव्हती काका. वाऱ्यानं उडू नये म्हणून तिची कड बैठकीच्या पट्ट्याखाली खोचून ठेवली होती. अर्ध्या घटकेला शिकवायला येणारी बाई टोपी तशी ठेवत नाही. जिला परत येऊन तिथंच बसायचंय, ती ठेवते."

फोटो फेब्रुवारीत आला होता. मी त्याच फोटोत सुकाणू कुठल्या बाजूला आहे ते पाहिले, आणि तुम्हाला आनंदाने कळवले की आमची चूक सुधारली.

मी म्हणालो, "अगं, मग सहा महिने या खुर्चीत कशाला बसलीस?"

तिने नकाशाची घडी घातली. मग म्हणाली,

"गाडी तुम्ही चालवत होता ना, काका."

तेवढ्यात आक्का बाहेर आली आणि तिने सवयीने विचारले, "काय गं, कुटं पोचल्या खुर्च्या?" नीलव्वाने घडी घातलेला नकाशा माझ्या हातात दिला. आक्का तिथेच उभी राहिली. पदराला पुसता पुसता तिचे हात थांबले. मग तिने तिच्या चटणीच्या डब्याविषयी काहीतरी विचारले, आणि अर्ध्यातच आत गेली.

श्रीमंतराव, तुमच्यावर रागवावे असे वाटते आणि रागावताना मी मध्येच अडतो. शिक्के मी टिपले होते. तळ्याच्या काठचे गाव मी शोधले होते. वाक्य लिहून मी खोडले होते. तुम्ही नाव काढत गेलात आणि मी प्रत्येक वेळी शाबास म्हणालो. बावीस वर्षांचा असताना मला विलायतेला जायचे होते, वडिलांनी नाही म्हटले, हे मी तुम्हाला कधी लिहिले नाही. तिलाही सांगितले नव्हते. तिला ते माहीत होते असे आता दिसते. मी मुलीला नवऱ्याकडे पोचवतो आहे असे समजत होतो, आणि ती एका म्हातारा होत चाललेल्या माणसाला रोज संध्याकाळी मिलानला नेऊन आणत होती. एकमेकांना दुखवू नये म्हणून आम्ही दोघे गप्प राहिलो. त्यात तिचे सहा महिने गेले, की तीन वर्षे, की पुढची सगळी, याचा हिशेब माझ्याने होत नाही. ती वीस वर्षांचीही नाही. तिच्या गळ्यातले मंगळसूत्र तसेच आहे. ते ठेवायचे की काढायचे हे तिला सांगणारे शास्त्र मी शोधले, मिळाले नाही. तुमच्या वडिलांनी सुचवले की तिने सून म्हणून त्यांच्या घरी येऊन राहावे, म्हणजे गावात बोलणे होणार नाही. तिने विचारले, "तिथं कोण आहे?"

टेंभुर्णीच्या वाटेवरचा तो पूल आठवतो. तो वाहून गेला होता, आणि आमच्या कागदाला कुणी कळवले नव्हते. पण मी तर त्या मोटारीत होतो. पूल नसलेला मी डोळ्यांनी पाहिला होता.

फोटो परत पाठवतो आहे. ट्रंक सोडली. चटणी आक्काने शेजारी वाटून टाकली.

खुर्च्याही आत नेल्या आहेत. रोज एकाच जागी मांडल्यामुळे सोप्याच्या जमिनीत त्यांच्या पायांचे आठ खळगे पडले होते. आज सकाळी नीलव्वाने सोपा सारवला. मी शाळेत निघालो तेव्हा जमीन अजून ओली होती. उजवीकडचे चार खळगे तिने भरून सपाट केले आहेत. डावीकडचे चार तसेच ठेवले आहेत.

मल्लिनाथ